पुरलेले खेळ, उकरलेले खेळ

२६ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील आलामोगोर्डो या गावी जुन्या कचरा डेपोचे उत्खनन झाले. जमिनीतून निघाल्या त्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिज. अटारी कंपनीने सप्टेंबर १९८३ मध्ये आपला पडून राहिलेला माल ट्रकांनी आणून येथे पुरला होता आणि वरून काँक्रीट ओतले होते. त्या वेळी वृत्तपत्रांत बातमी येऊनही पुढची तीस वर्षे ही हकीकत दंतकथेसारखीच सांगितली गेली. तिचे सार असे : 'ई.टी.' हा जगातला सर्वांत वाईट खेळ. त्याने एक संपूर्ण उद्योग बुडवला. म्हणून त्याला मूठमाती देण्यात आली.

उत्खननात सुमारे १३०० कार्ट्रिज बाहेर काढण्यात आल्या. त्यांत 'ई.टी.' होताच, पण 'सेंटिपीड', 'अ‍ॅस्टेरॉइड्स' यांसारखे गाजलेले खेळही होते. कंपनीच्या तत्कालीन अधिकाऱ्याने पुरलेल्या कार्ट्रिजचा आकडा ७ लाख २८ हजार असा सांगितला. म्हणजे आलामोगोर्डोला एका बदनाम खेळाचे दफन झाले नव्हते, एक गोदाम रिकामे करण्यात आले होते. दंतकथेला मात्र एक खलनायक लागतो, आणि तो तिला आयता मिळाला होता.

'ई.टी.'ची जन्मकथा तपासण्याजोगी आहे. स्टीव्हन स्पीलबर्गचा चित्रपट १९८२ च्या उन्हाळ्यात प्रदर्शित झाला. त्यावरील खेळाचे हक्क मिळवण्याच्या वाटाघाटी जुलैअखेरपर्यंत लांबल्या आणि नाताळच्या खरेदीपूर्वी माल दुकानांत हवा होता. त्यामुळे हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रामरच्या हाती जेमतेम पाच आठवडे उरले. वॉर्शॉ नवखा नव्हता. त्याचा 'यार्स रिव्हेंज' हा खेळ आजही नावाजला जातो. पण ज्या यंत्रासाठी लिहायचे त्या अटारी २६०० ची कार्यस्मृती होती अवघी १२८ बाइट. आजच्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने ज्ञानेश्वरीतील एक संपूर्ण ओवीसुद्धा त्या स्मृतीत मावणार नाही. एवढ्याशा जागेत आणि एवढ्याशा वेळात वॉर्शॉने एक अंतराळातला पाहुणा, त्याच्या मागावरची माणसे आणि खड्ड्यांनी भरलेले एक जग उभे केले. त्या खड्ड्यांत पाहुणा पुन्हापुन्हा पडतो, हीच खेळाविषयीची मुख्य तक्रार होती. ती रास्त होती. परंतु सदोष खेळ आणि उद्योग बुडवणारा खेळ यांत फरक आहे.

कालक्रम पाहावा. ७ डिसेंबर १९८२ रोजी अटारीच्या मालक कंपनीने, वॉर्नरने, अपेक्षित नफावाढीचा अंदाज ५० टक्क्यांवरून १० ते १५ टक्क्यांवर आणला आणि तिचे शेअर कोसळले. 'ई.टी.' याच महिन्यात बाजारात आला. म्हणजे रोगाचे निदान जाहीर झाले तेव्हा हे तथाकथित कारण दुकानात जेमतेम पोहोचत होते. खरी कारणे आधीची होती. दुकानांत भारंभार खेळ येऊन पडले होते, न खपलेले खेळ मातीमोलाने विकले जात होते आणि घरगुती संगणक स्वस्त होत चालले होते. त्यात याच वर्षीच्या मार्च महिन्यात आलेल्या अटारी २६०० वरील 'पॅक-मॅन'चाही वाटा होता. आर्केडमधील मूळ खेळाची कीर्ती अफाट. घरगुती आवृत्तीत मात्र भुते लुकलुकत आणि चक्रव्यूहाचा रंगरूपही बदललेला. तरीही तो त्या यंत्रावरील सर्वाधिक खपाचा खेळ ठरला. ७० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. माझ्या मते अवास्तव प्रसिद्धीचे स्वरूप येथे नीट उलगडते. तिच्यामुळे वस्तू खपत नाही असे नव्हे. वस्तू भरपूर खपते, पण नंतरच्या वस्तूवर कोणी विश्वास ठेवत नाही. 'पॅक-मॅन'ने काढलेल्या कर्जाची वसुली पुढच्यांकडून झाली, असे म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट. 'व्हिडिओ गेमचा व्यवसाय १९८३ मध्ये कोसळला' हे विधान अमेरिकेपुरते खरे आहे. त्याच वर्षी १५ जुलैला जपानमध्ये निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र आले आणि त्याचीच बदललेली आवृत्ती १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विक्रीला ठेवण्यात आली. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील घरांत जे 'टीव्ही गेम' शिरले ते बहुतेक याच यंत्राच्या अनधिकृत नकला होते. 'मारिओ', 'काँट्रा' आपल्याकडच्या मुलांना भेटले ते एकाच 'कॅसेट'मध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या पिवळ्या-लाल डब्यांतून. त्यांत तेच तेच खेळ निराळ्या नावांनी येत आणि कित्येकदा आरंभीच्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नावही पुसलेले असे. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल : समाप्तीची पुष्पिका फाटलेली, कर्त्याचे नाव गळलेले, आणि तरीही वाचकाने मनापासून वाचलेली पोथी. आपल्या एका पिढीची स्मृती मूळ संहितेची नाही, तिच्या नकलांची आहे.

म्हणूनच जुन्या खेळांच्या पुनर्मुद्रणाचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, कारण प्रती वाढल्या की पाठ बिघडतात हे त्यांनी जाणले होते. खेळांचेही तसेच होते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा खेळ १९९३ मध्ये नव्या यंत्रासाठी पुन्हा घडवला गेला, तेव्हा चित्रे देखणी झाली. पण डोक्याने वीट फोडल्यावर मारिओची उडी कशी वळते, ते बदलले. ज्याच्या बोटांना मूळ खेळ पाठ होता त्याला तो पाठभेद तत्काळ जाणवला. २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिकवरील २० खेळांपैकी ९ खेळ युरोपच्या ५० हर्ट्झ टीव्हीसाठी केलेल्या आवृत्त्यांतून घेतले होते. परिणामी 'टेकन ३' सारख्या चपळ खेळाची लय मंदावली. वृत्त तेच, पण म्हणणारा धीम्या चालीत म्हणतो आहे, असा तो अनुभव.

याहून गंभीर उदाहरण 'सायलेंट हिल २'चे. या २००१ च्या खेळात धुके हा केवळ देखावा नाही. भयाचा सगळा अर्थ त्या धुक्यात साठलेला आहे. २०१२ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीचे काम कोनामीने काढले, तेव्हा अंतिम मूळ संहिताच हाती नव्हती. अपुऱ्या संहितेवरून काम झाले, धुके विरळ झाले आणि जे झाकायचे होते ते उघडे पडले. २०२१ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या तीन जुन्या खेळांची आवृत्ती आली. तिच्यात यंत्राकडून चित्रे सुधारून घेताना दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांच्या चुका शिरल्या आणि डोनटच्या दुकानावरचा षट्कोनी नट गोल झाला. नटावरील श्लेष लेखनिकाला कळला नाही, म्हणून त्याने तो 'शुद्ध' केला! शिवाय नवी आवृत्ती येण्याआधीच जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढून घेण्यात आल्या. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने क्षमा मागितली आणि संगणकावरील जुन्या आवृत्त्या परत आणल्या.

पुनर्मुद्रणाचा लाभ मी नाकारत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात तयार होऊन अप्रकाशित राहिलेला 'स्टार फॉक्स २' हा खेळ २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या छोट्या यंत्रातून प्रथमच अधिकृतपणे लोकांपुढे आला. लेखकाच्या पेटीतले हस्तलिखित वीस वर्षांनी छापले जावे, तसेच हे घडले. पण त्याच निन्टेन्डोने सप्टेंबर २०२० मध्ये मारिओच्या तीन खेळांचा संग्रह काढला आणि ३१ मार्च २०२१ नंतर त्याची विक्री थांबवली. अभिजात म्हणून गौरवायचे आणि सहा महिन्यांनी दुकान बंद करायचे, याला जतन म्हणता येत नाही. टंचाई निर्माण करून मागणी वाढवण्याची ती रीत आहे.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थपणे उपलब्ध करून द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. मग इतिहास लिहायचा कशावरून? उरलेल्या १३ टक्क्यांवरून? ते १३ टक्के ज्यांनी निवडले त्यांचा निकष खपाचा आहे. मारिओ दर दशकात नव्या वेष्टनात येतो, म्हणून तो अभिजात वाटतो. आणि अभिजात वाटतो म्हणून पुन्हा छापला जातो. बाकीच्यांच्या वाट्याला दंतकथा येतात. उपलब्ध नसलेल्या कृतीविषयी कोणीही काहीही म्हणावे, आणि ते खोडून काढायला हातात प्रत नसावी, याइतका सोयीस्कर इतिहास दुसरा नाही.

'ई.टी.'चे भाग्य असे की त्याच्या प्रती मुबलक होत्या. त्यामुळे २०१३ मध्ये एका चाहत्याला त्याची संहिता उघडून पाहता आली. पाहुणा खड्ड्यात पडायचा, कारण त्याच्या चित्राचा कोणताही भाग, अगदी डोकेसुद्धा, खड्ड्याच्या कडेला टेकले तरी यंत्र ते पडणे मानत असे. काही मोजके बाइट बदलताच खेळ सुसह्य झाला. ही खरी पाठचिकित्सा. तिने खेळाला निर्दोष ठरवले नाही की थोरही ठरवले नाही. दोष नेमका कुठे होता, तेवढे दाखवले. तीस वर्षांच्या टवाळीला जे जमले नव्हते, ते संहिता हाती असलेल्या एका वाचकाने केले.