काळे, सारिका

भारतीय महिला खो-खो संघाच्या माजी कर्णधार आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. मूळच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या. तुळजापूरची भवानी आणि तेरखेड्याचे फटाके यांच्यामुळे हा जिल्हा बाहेरच्यांना ठाऊक असतो. खो-खोच्या वर्तुळात मात्र त्याचे नाव खेळाडूंच्या पिढ्यांसाठी घेतले जाते. सारिका काळे तेराव्या वर्षी मैदानावर उतरल्या आणि प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखालील संघाने सुवर्णपदक जिंकले. त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा याच पदकापासून सुरुवात होते आणि गरिबीच्या कथेवर शेवट होतो. पण खो-खोपटूची कारकीर्द आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या मापाने मोजणे मुळातच चुकीचे आहे, आणि ते का, हे याच कारकिर्दीतून दिसते.

हे माप आले ते रग्बीसारख्या खेळांतून. २७ मार्च १८७१ रोजी एडिनबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर स्कॉटलंडने इंग्लंडला हरवले. रग्बीचा तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना होता. तेव्हापासून स्कॉटिश खेळाडूची ओळख देशासाठी खेळलेल्या सामन्यांच्या आकड्याने होत आली आहे. दरवर्षी ठरलेले सामने असल्याने तिथे तो आकडा बोलतो. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधायला घेतले, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने परदेशात त्याचे प्रात्यक्षिकही झाले. तरी दक्षिण आशियाई स्पर्धेत या खेळाला जागा मिळायला २०१६ उजाडावे लागले. त्याआधीच्या खेळाडूंच्या नावापुढे तो आकडा जवळजवळ कोराच राहिला, याचा त्यांच्या पायांतल्या वेगाशी काहीही संबंध नाही. १९९८ मध्ये शोभा नारायण यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यानंतर थेट २०२० मध्ये काळे यांना. मधल्या बावीस वर्षांत खो-खोत कोणी तोलामोलाचे नव्हते, असे राष्ट्रीय स्पर्धा पाहिलेला कोणीही म्हणणार नाही.

यावर आक्षेप येतो की सुवर्णपदक नसते तर पुरस्कार मिळाला नसता, तेव्हा आंतरराष्ट्रीय कामगिरीच निर्णायक ठरते. पुरस्कारापुरते ते खरे आहे. पण पुरस्कार हे कारकिर्दीचे फळ आहे, कारकीर्द नव्हे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : शेजारच्या चार-दोन देशांना हरवण्यात मोठेपणा कसला? १८७१ मध्ये रग्बीतही दोनच देश होते, हे एक उत्तर झाले. खरे उत्तर मात्र निवडीच्या चाळणीत आहे. भारतीय संघात पोहोचण्याआधी महाराष्ट्राच्या संघात यावे लागते, आणि तिथे पुणे, ठाणे, सोलापूर, सांगलीच्या मुलींशी गाठ असते. नऊ मिनिटांच्या डावात, मध्यरेषा ओलांडता न येणाऱ्या आणि दिशा न बदलता येणाऱ्या आक्रमकांना हूल देत कोणी किती पळती केली आणि किती गडी बाद केले, हे तिथे ठरते. ही नोंद सामन्याच्या गुणपत्रकात असते आणि बहुतेकदा तिथेच राहते. क्रिकेटच्या धावांसारखी तिची बेरीज कोणी ठेवत नाही. बेरीज नसली की चरित्रकाराच्या हाती हलाखीच उरते, आणि मग तीच चरित्र होऊन बसते.

हलाखी खोटी नव्हती. घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालत होते, आणि जवळजवळ दशकभर दिवसाला एकच जेवण मिळे, असे काळे यांनी पुरस्काराच्या वेळी सांगितले. पण त्याहून बोलका तपशील त्यांच्या प्रशिक्षकांनी दिलेला आहे : ज्या २०१६ साली भारताचे कर्णधारपद आणि सुवर्णपदक मिळाले, त्याच साली पैशाअभावी खेळ सोडण्याचा निर्णय काळे यांनी घेतला होता. समजूत काढल्यावर त्या मैदानावर परतल्या. देशाची कर्णधार होण्यातून पोटापाण्याची सोय होत नव्हती, हाच याचा सरळ अर्थ. रग्बीही १९९५ पर्यंत हौशीच होती. १९८४ आणि १९९० मध्ये ग्रँड स्लॅम, म्हणजे वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने, जिंकणारे स्कॉटिश खेळाडू एरवी शेती, शिक्षकी असे काही ना काही करत. पण त्यांच्याकडे धंदा आधी होता आणि खेळ नंतर. मराठवाड्यातल्या मुलीच्या बाबतीत क्रम उलटा : खेळातूनच नोकरी काढायची असते. म्हणून राज्य सेवेतील पाच टक्के क्रीडा आरक्षण हा खो-खोच्या इतिहासातला पदकाइतकाच महत्त्वाचा भाग मानायला हवा, जरी तो गौरवग्रंथांत फारसा येत नसला तरी.

२९ ऑगस्ट २०२० रोजी करोनामुळे दूरदृश्य पद्धतीने झालेल्या समारंभात अर्जुन पुरस्कार प्रदान झाले, तेव्हा काळे तुळजापूरच्या तालुका क्रीडा अधिकारी होत्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालील भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.