तेजींतलें दान आणि मंदींतला आधार

आपल्या धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव साजरा होत असतां मागील वर्षांचा हिशेब मांडण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. किती वास्तू उभ्या राहिल्या, किती मुलें शिकलीं, हें आपण मोजतों. परंतु त्या कार्यास लागणारा पैसा कोठून आला, आणि तो पुढेंही येत राहील अशी तजवीज कोणी केली कीं नाहीं, हा प्रश्न क्वचितच विचारिला जातो. भिवंडीकरांनीं तरी तो अवश्य विचारावा. आपलें शहर मागांवर जगणारें आहे. तेजी आणि मंदी ह्या दोन्ही बहिणी आपल्या ओळखीच्या आहेत. तेजींत दान देणारा हात सैल सुटतो. मंदी आली कीं तोच हात आंखडतो, व पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर पडतो. शाळा सोडून मागावर गेलेलें मूल पुढें तेजी आली तरी वर्गांत परतत नाहीं. ह्यास उपाय आहे काय? शेजारच्या मुंबईच्या इतिहासांत त्याचें उत्तर सांपडतें.

इ. स. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव गगनास भिडले. ह्या तेजीचे अध्वर्यु शेट प्रेमचंद रायचंद हे होत. त्यांनीं १८६४ सालीं मुंबई विद्यापीठास ग्रंथालयाकरितां दोन लक्ष रुपये दिले, व त्याच वर्षीं आपल्या मातोश्री राजाबाई ह्यांच्या स्मरणार्थ मनोरा बांधण्यास आणखी दोन लक्ष दिले. पुढच्याच वर्षीं युद्ध संपलें. भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि प्रेमचंदांचें वैभवही त्या पुरांत वाहून गेलें. परंतु विद्यापीठास दिलेलें दान मात्र वाहून गेलें नाहीं. तें दात्याच्या तिजोरींतून निघून एका संस्थेच्या, एका ठरलेल्या हेतूच्या नांवें जमा झालें होतें. १८६९ सालीं इमारतीचा पाया घातला गेला व १८७८ सालीं ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा पूर्ण झाले. त्या तेजींतले कित्येक शेअर कवडीमोल झाले. हें एक दान तेवढें आजही उभें आहे.

ह्याच गृहस्थांनीं कलकत्ता विद्यापीठासही दोन लक्ष रुपये दिले. त्यांतून त्यांच्या नांवाचें विद्यार्थिवेतन सुरू झालें. इ. स. १८९७ मध्यें तें यदुनाथ सरकार ह्या तरुणास मिळालें. औरंगजेबाच्या काळावरील त्यांचा पहिला ग्रंथ १९०१ सालीं बाहेर पडला, आणि १९१९ सालीं त्यांनीं शिवाजीमहाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें. महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण व भिवंडी हीं ठाणीं घेतलीं, हें येथील शाळेंतलें मूलही जाणतें. मुंबईच्या कापसाच्या पैशानें एका बंगाली विद्यार्थ्याचा हात धरावा, आणि त्या विद्यार्थ्यानें आमच्याच भूमीचा इतिहास लिहावा, हें दात्याच्या स्वप्नींही आलें नसेल. व्यवस्थित दानाचें फळ असें दूर जाऊन पडतें.

कलेची गोष्टही अशीच आहे. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनीं १८५३ सालीं कला व उद्योग शिकविण्याच्या शाळेसाठीं एक लक्ष रुपये देऊं केले. १८५७ सालीं एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेंत ती शाळा सुरू झाली. त्यांच्या संपत्तींत चीनशीं केलेल्या अफूच्या व्यापाराचा वांटा होता, हें लपविण्याचें कारण नाहीं; दान केल्यानें धनाचा उगम पालटत नाहीं. तथापि त्या शाळेंत जे शिकले त्यांचें ऋण मानावेंच लागतें. गोव्यांतील सांगें येथें १८७० सालीं जन्मलेले आंतोनियु शाव्हियर त्रिंदाद हे तेथेंच शिकले व तेथेंच अध्यापक झाले. त्यांचीं चित्रें आज पणजीस आदरानें जतन केलेलीं आहेत.

कोणी म्हणेल, हीं लक्षाधीशांचीं कामें. आम्हां सामान्यांचें काय? त्यास उत्तर आमच्या ठाणें जिल्ह्यांतच आहे. १ जून १८९३ रोजीं विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांचे स्नेही ह्यांनीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें. मराठींत छापलेलें प्रत्येक पुस्तक जमवावयाचें, हा त्यांचा संकल्प. येथें कोणाचा मनोरा नव्हता. हेतु मात्र स्पष्ट होता, आणि तो सांभाळण्यास एक संस्था होती. म्हणून संस्थापक गेले तरी संग्रहालय राहिलें.

तात्पर्य, दानाचें आयुष्य रकमेच्या आंकड्यावर अवलंबून नसून त्याच्या बांधणीवर असतें. मुद्दलास हात लावूं नये व केवळ व्याज खर्चावें. हेतु थोडक्या पण निःसंदिग्ध शब्दांत लिहावा. विश्वस्त एकाच घरांतले नसावे. आणि दरसालचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यान्वयें अशा निधीची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते व हिशेबाची तपासणीही होते. तें ओझें न मानतां कुंपण मानावें.

वाचकहो, माग चालूं असतांना बाजूस ठेविलेली लहानशी रक्कमही, जर ती अशी बांधून ठेविली, तर माग थांबतील त्या वर्षीं एखाद्या मुलीची फी भरील, एखाद्या मुलाच्या हातीं रंगाची पेटी अथवा व्हायोलिन देईल. तें मूल पुढें काय करील हें आज कोणीही सांगूं शकणार नाहीं. प्रेमचंदांस तरी कोठें ठाऊक होतें? पुढील ज्युबिलीचा हिशेब मांडणारांस त्यांत अशा एका निधीचें नांव आढळावें, एवढीच इच्छा.