राजाविरुद्ध युद्ध आणि युद्धाचा गुन्हा : तीन न्यायदालनांचा इतिहास

मनमाड हे नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील मोठे रेल्वे जंक्शन असून येथून एक मार्ग नाशिक-कल्याणवरून मुंबईला, दुसरा भुसावळ-इटारसीवरून दिल्लीकडे, तिसरा दौंडला आणि चौथा छत्रपती संभाजीनगरवरून सिकंदराबादेच्या दिशेने जातो. यांपैकी पहिल्या दोन मार्गांच्या टोकांना, म्हणजे मुंबईच्या उच्च न्यायालयात आणि दिल्लीच्या लाल किल्ल्यात, पस्तीस वर्षांच्या अंतराने असे खटले चालले की ज्यांत आरोपींवर ठेवलेला मुख्य आरोप युद्धाचा होता. आज या दोन्ही वास्तूंत संग्रहालये आहेत. युद्धगुन्ह्यांच्या खटल्याचे संग्रहालय म्हटले की जर्मनीतील न्यूरेंबर्गचे नाव प्रथम घेतले जाते. परंतु कायद्याने ‘युद्ध’ या शब्दाला केव्हा आणि कोणाच्या हिताचा अर्थ दिला, हे समजून घ्यायचे असेल तर नाशिक जिल्ह्याच्या वाचकाने आरंभ घरापासूनच करावा, कारण त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण नाशिक शहरातच घडले.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम १२१ नुसार राजाविरुद्ध युद्ध करणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्यास चिथावणी देणे हा देहान्त अथवा जन्मठेप काळ्या पाण्याच्या शिक्षेस पात्र गुन्हा होता. या कलमात युद्ध कसे झाले, निःशस्त्र माणसांवर हात टाकला गेला की नाही, हे प्रश्न अप्रस्तुत होते. प्रजेने राज्यकर्त्यावर शस्त्र उचलणे एवढ्यानेच गुन्हा पूर्ण होत असे. १९०९ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना याच कलमाखाली जन्मठेपेची शिक्षा दिली आणि त्यांचे कृत्य काय, तर काही मराठी कविता छापून प्रसिद्ध करणे. युद्धास चिथावणी देणारा शब्द हाही युद्धाचाच भाग, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयात अपिलातही टिकले. अपील फेटाळणाऱ्या न्यायमूर्तींत हीटन यांच्यासह नारायण गणेश चंदावरकर होते, ज्यांचा परिचय महाराष्ट्राला प्रार्थना समाजाचे धुरीण आणि १९०० सालच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून होता. ज्या समाजाची सुधारणा त्यांनी आयुष्यभर इच्छिली, त्याच समाजातील तरुणाचे शब्द त्यांना युद्धाच्या व्याख्येत बसवावे लागले, हा त्या न्यायव्यवस्थेचा सर्वांत क्लेशकारक भाग मानावा लागेल.

बाबारावांचा खटला सत्र न्यायालयाकडे सोपवणारे जिल्हाधिकारी जॅक्सन यांची २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात हत्या झाली आणि त्याबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यानंतर बाबारावांचे धाकटे बंधू विनायक दामोदर सावरकर व अन्य ३७ जणांवर चाललेला खटला ‘नाशिक कटाचा खटला’ म्हणून ओळखला जातो. तो विशेष न्यायाधिकरणापुढे, म्हणजे एखाद्या प्रकरणासाठी स्वतंत्रपणे नेमलेल्या न्यायाधीशांच्या मंडळापुढे चालला. मुख्य न्यायमूर्ती सर बेसिल स्कॉट, चंदावरकर आणि हीटन यांच्या या मंडळापुढे ज्यूरी, अर्थात निवडलेल्या नागरिकांचे पंचमंडळ, नव्हते आणि त्याच्या निकालावर अपीलही नव्हते. डिसेंबर १९१० मध्ये सावरकरांना जन्मठेप झाली. त्याआधी भारतात आणले जात असताना मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून उडी मारून फ्रान्सच्या भूमीवर पोहोचलेल्या या कैद्याला ब्रिटिशांनी परत ताब्यात घेणे वैध होते काय, हा फ्रान्स आणि ब्रिटनमधील वाद हेग येथील लवाद न्यायालयापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी त्याचा निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. नाशिकचे प्रकरण अशा रीतीने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दालनात पोहोचले खरे, पण तेथे विचार झाला तो दोन सरकारांच्या हक्कांचा. कैद्याच्या हक्काचा नव्हे.

नाशिक कटाचा खटला जेथे चालला ती मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ साली पूर्ण झालेली इमारत कर्नल जे. ए. फुलर यांनी आखलेली असून तेथील संग्रहालयाचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०१५ रोजी झाले. याच इमारतीतील मध्यवर्ती न्यायदालनात, आजच्या ४६ क्रमांकाच्या दालनात, जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा, म्हणजे सरकारविषयी अप्रीती पसरवल्याचा, खटला चालला. ‘केसरी’तील ज्या मराठी लेखांवर आरोप होता ते न्यायालयापुढे इंग्रजी भाषांतराच्या रूपाने आले. नऊ पंचांत सात युरोपीय व दोन पारशी होते, आणि भाषांतराने मूळ अर्थ विपरीत केला आहे हे दाखवण्यातच टिळकांच्या २१ तासांहून अधिक चाललेल्या बचावाच्या भाषणाचा मोठा वाटा खर्ची पडला. पंचांनी सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. संग्रहालयात जुने झगे आणि दस्तऐवज पाहणाऱ्यास मूळ मराठी वाक्य आणि त्याचे न्यायालयात वाचले गेलेले भाषांतर शेजारी शेजारी वाचायला मिळाले, तर टिळक खटला कोठे हरले हे इतर कोणत्याही वस्तूपेक्षा अधिक स्पष्ट कळेल.

लाल किल्ल्यातील आझाद हिंद सेनेचा पहिला खटला ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर खुनाच्या अथवा खुनास साहाय्य केल्याच्या आरोपांबरोबर तेच कलम १२१ लावलेले होते. मुंबईचे ज्येष्ठ वकील भुलाभाई देसाई यांनी लष्करी न्यायालयापुढे असे मांडले की पारतंत्र्यातील जनतेला स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय कायद्याने मानला पाहिजे आणि ज्यांनी संघटित सेना म्हणून युद्ध केले त्यांना देशी फौजदारी कलमाने गुन्हेगार ठरवता येत नाही. ही सेना उभी करणाऱ्यांत सावंतवाडी संस्थानातील तिरोडे गावचे जगन्नाथराव भोसले हे अग्रभागी होते. न्यायालयाने तिघांनाही युद्धाच्या आरोपाखाली दोषी ठरवले. तथापि लोकक्षोभ ओळखून सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेपेची शिक्षा ३ जानेवारी १९४६ रोजी माफ केली. २०१९ च्या जानेवारीपासून किल्ल्यातील एका बराकीत या सेनेचे संग्रहालय आहे.

१९४५ च्या त्याच नोव्हेंबरच्या २० तारखेला न्यूरेंबर्गच्या न्यायप्रासादातील ६०० क्रमांकाच्या दालनात नाझी नेत्यांचा खटला उभा राहिला. तेथे ‘युद्धगुन्हा’ म्हणजे युद्धाचे नियम मोडून केलेली कैद्यांची व नागरिकांची हत्या, ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ म्हणजे नागरी लोकसमूहांचा संहार व छळ, आणि ‘शांततेविरुद्धचा गुन्हा’ म्हणजे आक्रमक युद्धाची आखणीच, असे भेद करण्यात आले. दिल्लीत प्रजेने राजाशी युद्ध केले म्हणून खटला चालू असताना न्यूरेंबर्गमध्ये राज्यकर्त्यांनीच युद्ध लादले म्हणून खटला चालला आणि दोन्ही ठिकाणी अभियोक्त्यांत ब्रिटन होते. जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालवणाऱ्या टोकियोच्या न्यायाधिकरणातील भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ साली सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत दिले, त्यामागे ही विसंगतीही होती. अत्याचार झालेच नाहीत असे त्यांचे म्हणणे नव्हते, तर वसाहती राखणाऱ्या विजेत्यांनी आक्रमणाचा गुन्हा मागाहून निर्माण करून तो केवळ पराभूतांना लावावा, हे त्यांना मान्य नव्हते. नाझी संहाराचा विचार करता हा आक्षेप न्यूरेंबर्गचे महत्त्व कमी करत नाही, परंतु नाशिकच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला तो परकाही वाटू नये.

न्यूरेंबर्गचे प्रदर्शन २०१० साली दालनाच्या वरच्या मजल्यावर उघडले. आरोपींच्या मूळ बाकांचा भाग तेथे आहे आणि इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन या चार भाषांत एकाच वेळी भाषांतर ऐकवणाऱ्या यंत्रणेचा परिचयही तेथे दिला जातो. आरोपीला आपल्यावरील आरोप आपल्या भाषेत ऐकता यावा यासाठी केलेली ती योजना टिळकांच्या खटल्यापासून अवघ्या सदतीस वर्षांनंतरची आहे. खालच्या दालनात २०२० पर्यंत नेहमीचे फौजदारी खटले चालत असत. मुंबईचे ४६ क्रमांकाचे दालन मात्र आजही न्यायालयच आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तेथे टिळकांच्या उद्गारांचा संगमरवरी फलक लावला आणि ज्या दालनाने शिक्षा सुनावली होती त्याच दालनापाशी आरोपीचे शब्द कोरले गेले.