‘झिरो वायरमन’ म्हणजे काय? गावात परवानाधारक वायरमन का मिळत नाही?

ऐन हंगामात डीपीचा फ्यूज उडतो, मोटार बंद पडते. लाइनमनकडे चार-पाच गावं असतात, त्यामुळे लगेच येणं त्याला जमत नाही. मग गावातल्याच एखाद्या पोराला खांबावर चढवलं जातं. शिक्का नाही, परवाना नाही, नोंद कुठेच नाही. यालाच गावाकडे ‘झिरो वायरमन’ म्हणतात.

नियम काय?
केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार बल्ब, पंखा, फिटिंगमधला फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंग आणि दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारामार्फत, परवाना असलेल्या माणसानेच करायची असते. नवीन वीजजोडणी घेताना अशाच ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

माणसं का मिळत नाहीत?
हाताला काम येणारे खूप, कागद असणारे थोडे. आयटीआय झालेला पोरगा दरमहा पगारासाठी एमआयडीसी गाठतो. गावातलं काम हंगामापुरतं, त्यातही उधारी. मागे राहतो तो बघून बघून शिकलेला. त्याला शॉक लागला, तर नोंदच नसल्याने भरपाईसाठी घरच्यांना हेलपाटे मारावे लागतात.

परवान्याचा रस्ता
• आयटीआयमध्ये वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) हे दोन्ही ट्रेड २ वर्षांचे आहेत. वीजतंत्रीला विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. तारतंत्रीला दहावी नापासही अर्ज करू शकतो.
• प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर होतात. दहावीच्या निकालाच्या सुमारास लक्ष ठेवा. जवळच्या सरकारी आयटीआयमध्येही माहिती मिळते.
• आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार अप्रेंटिसशिप करता येते. त्या काळात विद्यावेतन मिळतं.
• तारतंत्री परवान्यासाठी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात चौकशी करा.
• महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीतही हेच आयटीआय ट्रेड मागितले जातात.

तोवर काय करायचं?
डीपीला किंवा खांबाला कोणीही हात लावू नये. तक्रार महावितरणच्या १९१२ या टोल फ्री क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. पिकाला एक पाणी उशिरा बसलं तर नुकसान होतं, हे खरं. पण खांबावर गेलेला जीव परत येत नाही.