दातांवरचं किटण

माझी दादी वारली तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता. जुन्या पनवेलमधल्या आमच्या मोहल्ल्यात त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पन्नाशी उलटली की दात हलायचे, मग एकेक करून पडायचे आणि लोक 'वय झालं' म्हणून गप्प बसायचे. दादी सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची. हिरड्या ठणकल्या की ती जास्त वेळ बोट फिरवायची आणि तिला बरं वाटायचं. तिच्या लेखी ते औषधच होतं.

ज्या गावात कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली 'श्री धूतपापेश्वर'चा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना उभा केला, त्या गावाला औषधाची ओळख नव्हती असं कोण म्हणेल? तरी हिरड्यांना आजार असतो आणि त्यावर इलाज आहे, हे आमच्या घरात कधी पोचलं नाही.

मला ते कळलं गेल्या वर्षी. ब्रश करताना रक्त यायचं, पण दुखत नव्हतं म्हणून मी लक्ष दिलं नाही. काही महिन्यांनी पुढच्या दोन दातांत फट पडली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. घरी सांगितलं तर अम्मी म्हणाली, "मशीनने सफाई करू नकोस, बेटा. त्याने दात ढिले होतात." अम्मीला स्वतःला मधुमेह आहे आणि तिचेही दोन दात हलत होते. तिला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसलो, आणि थेट एक हजार वर्षं मागे गेलो.

स्पेनमधल्या कुर्तुबाजवळ अबुल कासिम अल्-जहरावी नावाचा हकीम होऊन गेला. इसवी सन १०१३च्या सुमारास तो वारला. त्याच्या 'किताब अल्-तसरीफ' या ग्रंथाचे ३० भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात तो लिहितो की दातांच्या आतबाहेर आणि हिरडीखाली खरखरीत थर साचतात, त्यांचा रंग काळा, पिवळा किंवा हिरवा असतो, आणि त्यांच्यामुळे हिरडी बिघडते. उपाय एकच, ते खरवडून काढणं. एका बैठकीत निघाले नाहीत तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पण पूर्ण निघेपर्यंत. त्यासाठी त्याने १४ वेगवेगळ्या खरवडण्यांची चित्रं दिली आहेत, कारण प्रत्येक दाताच्या प्रत्येक बाजूला एकच हत्यार पोचत नाही. बाराव्या शतकात या भागाचा लॅटिन अनुवाद झाला आणि पुढे कित्येक शतकं युरोपातले शल्यवैद्य त्यावरून शिकले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेने तर त्याच्याही आधी दातांच्या मुळाशी होणारे १५ रोग मोजले होते. दातावर साचून घट्ट होणाऱ्या मळाला तिथे 'दंतशर्करा' म्हटलं आहे, आणि हिरडीला इजा न करता तो शस्त्राने काढावा असं सांगितलं आहे. म्हणजे अम्मी ज्या सफाईला घाबरत होती, ती मशीनसोबत आलेली नवी गोष्ट नव्हतीच.

मग हे ज्ञान दादीपर्यंत का आलं नाही? एक कारण असं की हे काम शिकलेले हातच आपल्याकडे फार उशिरा तयार झाले. पूर्व बंगालमध्ये १८९० साली जन्मलेले डॉ. रफिउद्दीन अहमद अलीगढला शिकले, अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून दंतवैद्य झाले आणि परतल्यावर १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर दंत महाविद्यालय सुरू झालं १९३३ साली. दंतवैद्यकाचा देशव्यापी कायदा आला १९४८ मध्ये. रफिउद्दीनसाहेबांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं. पण आपल्या मोहल्ल्यांत त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

आता आजाराचं सांगतो. दातांवर रोज जंतूंचा मऊ थर बसतो. ब्रशने किंवा मिसवाकने तो निघतो. वुजूच्या वेळी मिसवाक करण्याची सुन्नत पाळणाऱ्याचा इथे फायदाच आहे. पण जिथून तो निघत नाही तिथे लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत दगड होतो. हेच किटण, आणि ते ना ब्रशने निघतं, ना मिसवाकने. सुरुवातीला हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं. या टप्प्यावर सफाई केली तर ती पूर्ववत होते. दुर्लक्ष केलं तर हिरडी दातापासून सुटते, खाली खिसा तयार होतो आणि आतलं हाड झिजतं. गेलेलं हाड सहसा परत भरून येत नाही. सफाईनंतर दात ढिले वाटतात ते यामुळेच. हाड आधीच गेलेलं असतं, किटणाने दात नुसते एकमेकांना धरून ठेवलेले असतात.

तंबाखू या आजाराला बळ देते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून आजार लपून राहतो. मशेरीने ठणका तेवढा बधिर होतो, पण हिरडी मात्र मागे सरकते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. मधुमेहाचं नातं दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

हिरडीतून वरचेवर रक्त येत असेल, तोंडाचा वास जात नसेल, तर आधी नेहमीच्या दंतवैद्याकडे जा. पण पू येत असेल, दात हलत असतील, त्यांच्यात नव्याने फटी पडत असतील, हिरडी खाली सरकून दात लांब दिसत असतील, किंवा सफाईनंतरही खिसे ५ मिलिमीटर किंवा जास्त खोल राहिले असतील, तर हिरड्यांचा तज्ज्ञ गाठा. पाटीवर 'एमडीएस, पेरिओडोंटॉलॉजी' लिहिलेलं असतं. आपल्या कामोठ्यासारख्या ठिकाणच्या दंत महाविद्यालयांत या विषयाचा स्वतंत्र विभाग असतो.

अल्-जहरावीची गोष्ट मी अम्मीला सांगितली. ती ऐकून घेत म्हणाली, "हकीमसाहेबांनी लिहिलंय म्हणतोस, तर चल." तज्ज्ञ डॉक्टरांनी खुणा असलेल्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवतीचा खिसा मोजला. हलणाऱ्या दोनपैकी एक दात काढावा लागला, दुसरा राहिला. सफाई चार बैठकांत झाली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी कापसावर काढून ठेवलेला काळा तुकडा तिने निरखून पाहिला.

"हे माझ्या तोंडात होतं?" तिने विचारलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या दादीच्याही असेल."