बंगला, बाहुली आणि घरकुल

मराठीत भातुकली आहे, बाहुला-बाहुलीचे लग्न आहे, दिवाळीतला मातीचा किल्ला आहे; पण युरोप-अमेरिकेत ज्याला ‘डॉल्स हाउस’ म्हणतात त्या वस्तूसाठी भाषेत मुरलेला शब्द नाही. ‘बाहुलीघर’ हा शब्द अलीकडे ऐकू येतो खरा, परंतु तो भाषांतरातून आला आहे हे कानाला लगेच जाणवते. शब्द नाही, कारण वस्तूच नव्हती. ती का नव्हती, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक. पण मराठी नाटकाच्या इतिहासातील एका शीर्षकाचा उलगडा त्यावाचून होत नाही, असे आम्हांस वाटते.

युरोपात ही वस्तू मुळात मुलांची नव्हती. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५८च्या सुमारास करवून घेतलेले छोटे घर हे ऐश्वर्याचे प्रदर्शन होते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत गृहिणीचे १६८६ ते १७१० या काळात सजवलेले कपाट आहे. त्यातील चिनी मातीची भांडी, चित्रे, गालिचे यांवर तिने एखाद्या खऱ्या घराएवढा पैसा ओतला, असे म्हणतात. या परंपरेचा कळस म्हणजे राणी मेरीचे बाहुलीघर. एडविन लट्यन्स या वास्तुविशारदाने ते १९२१ ते १९२४ या काळात एकास बारा या प्रमाणात रचले. त्याच सुमारास तो नवी दिल्लीही रचत होता. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यातील ग्रंथालय विशेष वाटावे. आगपेटीएवढ्या पुस्तकांत लेखकांनी स्वहस्ते मजकूर लिहून दिला. कॉनन डॉइल यांनी खास त्यासाठी होम्सची एक छोटी कथा रचली. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनेही हातभार लावला. बर्नार्ड शॉ यांनी मात्र नकार दिला. (शॉ यांच्याकडून दुसरी अपेक्षा कोण करणार?)

आता ठाणे-डोंबिवलीतल्या घरांत हे घर येते ते राजवाड्याच्या रूपात नव्हे, खोक्यातून, सुट्या भागांच्या किटच्या रूपात येते. आणि त्यातील एक लोकप्रिय नमुना ‘क्राफ्ट्समन बंगलो’चा असतो. या नावामागचा प्रवास मोठा गमतीचा आहे. ‘बंगला’ म्हणजे बंगाली धाटणीचे, उतरत्या छपराचे घर. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी हा शब्द उचलला, एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेला गेला. तेथे गुस्ताव्ह स्टिक्ली याने १९०१ ते १९१६ या काळात ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक चालवले. यंत्राच्या झगमगाटाला विटून हातकामाचा आग्रह धरणाऱ्या विल्यम मॉरिस यांच्या विचारांचा तो अमेरिकी वारसदार. ठेंगणे छप्पर, पुढे आलेली वळचण, उघडे दिसणारे वासे, रुंद वऱ्हांडा आणि त्यावरचे वर निमुळते होत जाणारे खांब, ही त्या शैलीची ओळख. ओटी-पडवीच्या घरात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना यात परके असे फारसे वाटू नये.

परंतु हातकामाचा हा आदर्श प्रत्यक्षात विकला गेला तो कारखान्यातून. सिअर्स रोबक या कंपनीने १९०८ ते १९४० या काळात सत्तर हजारांच्या आसपास घरे टपालाच्या कॅटलॉगवरून विकली. त्यांत बंगल्यांचे नमुने पुष्कळ होते. लाकूड, खिळे, रंग, नकाशे असे सारे आगगाडीच्या डब्यातून यायचे आणि गिऱ्हाइकाने ते उभे करायचे. म्हणजे क्राफ्ट्समन बाहुलीघराचे किट ही मूळ घराची विटंबना नव्हे. मूळ घरच पुष्कळदा किट होते. शैलीची शुद्धता शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेने डोंबिवलीतील आपल्या दोन खोल्यांच्या घरात असे एक किट जोडले. आधी सगळे तुकडे पॉलिश पेपरने घासणे, मग गोंद न लावता एकदा घर उभे करून पाहणे, भिंती चिकटवण्यापूर्वीच आतून रंगवून घेणे (नंतर ब्रश कोपऱ्यात शिरत नाही), गोंद वाळेपर्यंत रबरबँड आणि कपड्यांचे चिमटे लावून ठेवणे, आणि छप्पर सर्वांत शेवटी. जोडणीत अडचण अशी आली नाही. अडचण आली ती सजावटीत. क्राफ्ट्समन घराचे केंद्र म्हणजे शेकोटीची जागा, फायरप्लेस. दिवाणखान्याची सारी रचना तिच्याभोवती. डोंबिवलीच्या उकाड्यात तिचे करायचे काय? बाईंनी तेथे देवघर बसवले, वऱ्हांड्यात काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचा झोपाळा टांगला आणि मागच्या दाराशी तुळशीवृंदावन ठेवले. किटने घर दिले होते. त्यात राहणारे कोण, हे ठरवणे बाकी होते.

भातुकलीत हा क्रम नेमका उलटा असतो, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. भातुकलीत भिंती नसतात. चूल, तवा, पोळपाट-लाटणे, जाते, खलबत्ता, बंब असा सारा संसार लाकडाचा वा पितळेचा असतो. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या रंगीत लाकडी संचांनी कोकणातल्या कित्येक पिढ्या खेळल्या. पण घर म्हणजे खडूची रेघ, दोन खुर्च्यांवर टाकलेले लुगडे किंवा जिन्याखालची जागा. बाहुलीघराकडे मूल बाहेरून, एखाद्या देवासारखे पाहते. पुढची भिंत उघडून आतली माणसे हलवते. भातुकलीत मूल आत असते. चुरमुरे-गुळाचा स्वयंपाक ते स्वतः करते, पाहुण्यांना स्वतः वाढते. लाकडाची वा चिंध्यांची ठकी असते, पण ती घरधनीण नसते. ती मुलगी असते, तिचे लग्न लावायचे असते. घरधनीण ती खेळणारी पोर स्वतः.

आणि हा खेळ फार काळ खेळ राहत नसे. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचा जन्म १८६५चा. नवव्या वर्षी तिचे गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले, चौदाव्या वर्षी ती आई झाली आणि मूल थोड्याच दिवसांत दगावले. १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई त्या याच. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र आपण स्त्रीशिक्षणाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. पण भातुकलीची चूल आणि सासरची चूल यांच्यातले अंतर त्या काळी किती थोडे होते, हेही त्यांच्या आयुष्यातून दिसते. मंगेश पाडगावकरांच्या, अरुण दाते यांनी गायिलेल्या भावगीतामुळे भातुकली आज मोडलेल्या स्वप्नाचे प्रतीक म्हणून हळवेपणाने आठवली जाते. इतिहासात ती बरीचशी उमेदवारी होती.

मुलग्यांना मात्र घर नव्हते, किल्ला होता. दगड, विटा, पोते, चिखल, अळीव-मोहरीची हिरवळ, मातीचे मावळे. कल्याणच्या मुलांना दुर्गाडी समोर दिसे. ठाण्याच्या मुलांचा किल्ला मात्र कारागृहाच्या भिंतीआड गेलेला. पोर्तुगीजांनी १७३०मध्ये बांधायला घेतलेला तो किल्ला मराठ्यांनी १७३७ साली जिंकला होता. आता अंगणे संपली तसे तयार किल्लेही विकत मिळू लागले. किल्ल्यात बुरूज असतात, तोफा असतात, सिंहासन असते. स्वयंपाकघर कोणी केलेले आम्ही पाहिलेले नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे अनंत काणेकरांसमोरची अडचण कळते. इब्सेनचे नाटक १८७९चे. त्या वर्षी आनंदीबाई चौदा वर्षांच्या होत्या. त्याच्या शीर्षकातील रूपक असे की नोरा ही दुसऱ्याने मांडलेल्या घरातील बाहुली आहे, आधी वडिलांची, मग नवऱ्याची. हे रूपक बाहुलीघर पाहिलेल्या प्रेक्षकालाच चटकन भिडणार. काणेकरांनी १९४१ साली मराठी रूपांतर केले आणि नाव दिले ‘घरकुल’. पुष्कळांना हे शीर्षक मवाळ वाटते, आणि ते आहेच: बाहुली त्यातून नाहीशी झाली, उपरोधही उणावला. तरीही ‘बाहुलीचे घर’ या शब्दशः पर्यायापेक्षा काणेकरांची निवड आम्हांस अधिक जाणती वाटते. जिने स्वतः चूल मांडली, तिला ती बाहुली होती असे सांगणे मराठीत खोटे वाटले असते. ‘घरकुल’मध्ये लहानपणाची माया आहे आणि ते मांडणारीचा हातही आहे, तेच मोडून जायचे असेल तर तिचे जाणे अधिक जड होते. इब्सेनची नोरा खेळण्यातून बाहेर पडते. मराठी नायिकेला आपणच मांडलेला डाव सोडून उठावे लागते.

इब्सेन शिकवताना म्हणून आम्ही शीर्षकापाशी थोडे थांबतो आणि वर्गातील मुलींना विचारतो, भातुकलीत तुम्ही कोण होत होता? ‘आई’ असे उत्तर येते, क्वचित ‘शिक्षिका’ किंवा ‘डॉक्टर’. ‘बाहुली’ असे अद्याप एकीनेही सांगितलेले नाही.