इतिहास अध्यापनातील व्यंगचित्ररेखाटन

इतिहास अध्यापनातील व्यंगचित्ररेखाटन ही शालेय व महाविद्यालयीन स्तरावर वापरली जाणारी एक अध्ययनपद्धती आहे. तीत विद्यार्थी अभ्यासलेल्या ऐतिहासिक घटनेवर, त्या काळातील एखाद्या पक्षाच्या दृष्टिकोनातून, स्वतः राजकीय व्यंगचित्र काढतो आणि त्याचे लेखी स्पष्टीकरण देतो. समकालीन व्यंगचित्र हे इतिहासाचे प्राथमिक साधन असते. विद्यार्थ्याने काढलेले चित्र मात्र साधन नसून अन्वयार्थ असतो. हा भेद स्पष्ट होणे हाच या पद्धतीचा मुख्य लाभ म्हणता येईल.

पूर्वतयारी

रेखाटनापूर्वी जुनी व्यंगचित्रे वाचण्याचा सराव दिला जातो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शैक्षणिक साहित्यात यासाठी प्रतीक, अतिशयोक्ती, नामपट्टी, साधर्म्य आणि उपरोध अशी पाच तंत्रे सांगितली आहेत. डेव्हिड लो यांचे सप्टेंबर १९३९ मधील 'राँदेव्हू' हे चित्र या सरावात वारंवार येते. पोलंडच्या मृतदेहावरून हिटलर आणि स्टालिन एकमेकांना झुकून अभिवादन करतात, पण त्यांच्या तोंडी शिव्या आहेत. सोव्हिएत-जर्मन करारावरील लांबलचक परिच्छेदाचे काम येथे एक उपरोध करतो.

भारतीय विषयांसाठीही विपुल सामग्री उपलब्ध आहे. मुंबईतून निघणारे 'हिंदी पंच', शंकर यांचे 'शंकर्स वीकली' (१९४८–१९७५) आणि १९६० साली सुरू झालेले 'मार्मिक' ही त्यांपैकी काही नियतकालिके होत.

प्रक्रिया

१९०५ च्या बंगालच्या फाळणीचे उदाहरण घेता येईल. सुमारे आठ कोटी लोकसंख्येचा प्रांत एका प्रशासनाला झेपत नाही, असे लॉर्ड कर्झनच्या सरकारचे म्हणणे होते. स्वदेशी चळवळीने या निर्णयात राष्ट्रीय ऐक्य फोडण्याचा डाव पाहिला. ढाक्याचे नवाब सलीमुल्ला यांच्यासारख्यांनी नव्या प्रांताचे स्वागत केले. चित्र काढू लागताच विद्यार्थ्याला निवड करावी लागते: नकाशावर कात्री चालते आहे, की वाकलेल्या कारकुनाच्या पाठीवरचे ओझे हलके होते आहे? कात्री असल्यास ती कोणाच्या हाती? लेखी उत्तरात 'काहींच्या मते' असे म्हणून सुटका होते, चित्रात ती होत नाही. म्हणून एकाच वर्गात तिन्ही बाजूंची चित्रे काढवून घेऊन ती शेजारी लावणे उपयुक्त ठरते.

सर्वांत सामान्य दोष कालविपर्यासाचा असतो. १९०५ च्या चित्रात १९४७ ची सीमारेषा डोकावली, तर विद्यार्थ्याने त्या काळातील माणसाला ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्या डोक्यात घातली असा अर्थ होतो. दुसरा धोका ठोकळेबाज प्रतिमांचा. जुन्या व्यंगचित्रांत जात, धर्म व वंश यांची अवमानकारक अर्कचित्रे आढळतात आणि नक्कल करताना ती सहज उचलली जातात. मूल्यमापन चित्रकौशल्याचे नव्हे, तर पुराव्याच्या वापराचे व्हावे लागते. त्यामुळे स्पष्टीकरणाला चित्राहून अधिक गुण देणे श्रेयस्कर. काटकुळ्या रेघांची माणसेही येथे चालतात.

भारतातील वाद

पाठ्यपुस्तकातील व्यंगचित्रांचा प्रश्न भारतात २०१२ मध्ये थेट संसदेत पोहोचला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक चित्र होते. संविधाननिर्मितीच्या संथ गतीवरील या चित्रात गोगलगायीवर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले जवाहरलाल नेहरू दाखवले होते. पुस्तकात चित्रासोबत, संविधान सभेला जवळजवळ तीन वर्षे का लागली, असा प्रश्न विचारला होता. नेहरूंच्या हातातील चाबकामुळे हे चित्र आंबेडकरांचा अपमान करते, असा आक्षेप घेण्यात आला. दलित समाजाच्या चाबकाशी निगडित अनुभवाचा विचार करता हा आक्षेप केवळ गैरसमज म्हणून बाजूला सारता येत नाही. दुसरीकडे, मूळ चित्रात आंबेडकरांच्याही हाती चाबूक असून तो गोगलगायीला हाकण्यासाठी आहे, याकडे समर्थकांनी लक्ष वेधले.

सरकारने हे चित्र वगळण्याची घोषणा केली. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. त्यानंतर पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची तोडफोड झाली. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आणखी काही व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली. समितीचे एक सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी तिच्याशी असहमती नोंदवली.